टिळकांचा ‘देवाचा दरबार’ कुठून आला?

नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेला जी गीते म्हटली जातात, त्यांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. गीते मंडळीने आपलीशी केली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही सामावून घेणाऱ्या त्यांच्या ‘देवाच्या दरबारा’ला, ख्रिस्तभक्तांच्या त्या मेळाव्याला, मात्र तिने दारातच थांबवले. या दरबाराचे मूळ मिशनच्या पैशात आहे, तसेच बाप्तिस्म्याच्या किमतीतही.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला. ही माणसे काँग्रिगेशनल पंथाची. मंडळीने आपला पाळक, म्हणजे धर्मगुरू, आपण निवडावा, कारभार आपणच पाहावा, हे त्यांचे तत्त्व. पगार मात्र मिशनचा. १८५४-५५ मध्ये मिशनच्या बोस्टनमधल्या मूळ संस्थेचे सचिव रूफस अँडरसन येऊन गेले; मंडळ्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह. पण पुढे दुष्काळांच्या काळात मंडळीत आले ते मुख्यतः महार-मांग समाजातले गरीब लोक. त्यांच्या वर्गणीत पाळकाची चूल कशी पेटणार? स्वातंत्र्य कागदावर आणि किल्ल्या साहेबाकडे, असे चालू राहिले.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. चर्चमध्ये कीर्तन त्यांनी आणले असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. कृष्णराव सांगळे नगरकडे त्यांच्या कितीतरी आधी ख्रिस्ती कीर्तने करत होते. टिळकांनी अभंगाला ख्रिस्ती भक्तीचे बळ दिले, आणि मग तोच हिशेब मंडळीच्या रचनेलाही लावला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि दरबार मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणारा तो त्याचा शिष्य, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. दरबारात दोघांनाही जागा.

विरोध झाला. तो केवळ गोऱ्या मिशनऱ्यांच्या हट्टावर घालून मोकळे होणे मला पटत नाही. बाप्तिस्म्यापायी ज्यांनी सोयरीक गमावली, गावाचे टोमणे सोसले, त्यांना ‘पाण्यावाचूनही चालेल’ हे ऐकवणे सोपे नव्हते. टिळकांनीही ती किंमत मोजली होती. पत्नी लक्ष्मीबाईंपासूनची काही वर्षांची ताटातूट सर्वश्रुत आहे. पण बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताला मानणारे उच्चवर्णीय त्यांच्या नजरेसमोर होते, आणि त्यांच्यासाठी दार कुठेतरी उघडे हवे होते.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार विस्कटला. ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे अपुरे राहिलेले काव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. दरबार पुढे नेणारे तसे कोणी निघाले नाही. १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी नगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघ काढला. तो पुढे पुण्याला गेला. विन्स्लोंनी टिळकांचे चरित्रही लिहिले. आश्रमाची राहणी, भजन, साधेपणा हे सारे संघात आले. बाप्तिस्म्याची अट मात्र होती तशीच राहिली.