खांद्यातलं हाड तासून खरंच दुखणं जातं का?

मार्च संपत आला की नागपूरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, टाकी धुवा, खस बदला, वर हात करून खिडकीत बसवा, आणि मग चाळिशी-पन्नाशीतल्या बऱ्याच जणांचा खांदा धरतो. हात खाली असताना काही नाही, बाजूने वर न्यायला लागलं की साधारण 60 ते 120 डिग्रीच्या मधे कळ मारते, पार वर गेला की परत बरं. रात्री त्या कुशीवर तर झोपताच येत नाही. डॉक्टर याला इम्पिंजमेंट म्हणतात.

खांद्याच्या वर अ‍ॅक्रोमियन नावाचं हाड आहे, त्याच्या खालून सुप्रास्पायनॅटस स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जातो, मधे बर्सा नावाची पातळ पिशवी. 1972 मधे अमेरिकेतल्या चार्ल्स नीअर या सर्जनने मांडलं की वरचं हाड टेंडनला घासतं म्हणून दुखतं, तर ते थोडं तासून जागा करून द्या. ऐकायला एकदम पटतं ना! पुढे हेच दुर्बिणीतून व्हायला लागलं आणि जगभर लाखो खांदे तासले गेले.

पण खरंच तासल्यानेच बरं वाटतं का, हे नीट तपासायला बराच काळ गेला. ब्रिटनमधे 313 पेशंट घेतले, काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. 6 महिन्यांनी पहिले दोन गट सारखेच! तिसऱ्यापेक्षा किंचित बरे, पण तो फरक पेशंटला जाणवेल एवढाही नव्हता. फिनलंडमधेही 2 वर्षांनी खोट्या ऑपरेशनपेक्षा खऱ्याचा खास फायदा दिसला नाही. 2019 मधे तर ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे तज्ज्ञांनी स्पष्टच सांगितलं, नुसत्या इम्पिंजमेंटसाठी हे ऑपरेशन करू नका.

म्हणून नागपूरात धंतोलीत, रामदासपेठेत कोणी डॉक्टर लगेच ऑपरेशनची तारीख देत असेल तर आधी विचारा, टेंडन फाटलाय का? पडल्यावर पूर्ण फाटला असेल तर तो शिवणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे उगाच थांबू नये. शुगरवाल्यांचा फ्रोझन शोल्डरही वेगळाच, त्यात दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. बाकीच्यांनी आधी फिजिओच, आणि चार दिवस शेक घेऊन सोडायचं नाही, रबर बँडचे व्यायाम तीनेक महिने तरी. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, तेवढ्यात व्यायाम सुरू करून घ्यायचा. आणि एक्सरे रिपोर्टमधे "टाइप थ्री अ‍ॅक्रोमियन" वाचून घाबरू नका, तो हाडाचा आकार आहे, काहीही न दुखणाऱ्या लोकांतही सापडतो.