थ्री फेज दिवसा की रात्री?

रब्बीच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, या आठवड्यात शेतीची थ्री फेज कधी आहे? उत्तर तोंडपाठ असतं. अमुक वारापासून दिवसाची, तमुक वारापासून रात्रीची, साधारण आठ तास. दिवसाची पाळी असली की पाणी देणं हे इतर कामांसारखंच एक काम. रात्रीची असली की मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या आणि हल्ली काही भागांत बिबट्याच्या धास्तीत हरभऱ्याची दारं धरायची. या पाळ्या ठरतात त्यामागे वीज वितरणाचा एक मोठा हिशोब असतो. तो नीट पाहिला तर लक्षात येतं की मराठवाड्यात विजेचा प्रश्न 'किती हवी' यापेक्षा 'कधी हवी' असा जास्त आहे. दर, प्रदूषण आणि वाढती मागणी या तिन्ही गोष्टी त्या 'कधी'शी बांधलेल्या आहेत.

मुळात तारांमध्ये वीज साठत नाही. आत्ता या क्षणी राज्यात जेवढे पंप, पंखे, भट्ट्या चालू आहेत, तेवढीच वीज याच क्षणी कुठेतरी तयार व्हावी लागते. आपल्याकडची बहुतेक औष्णिक जनित्रं मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. त्यातूनच आपल्या विजेची ५० हर्ट्झ ही वारंवारता येते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की इंजिन दबतं आणि ड्रायव्हर लगेच रेस वाढवतो. जनित्राचंही तसंच होतं. मागणी अचानक वाढली की त्याचा वेग किंचित उतरतो, वारंवारता ५० च्या खाली सरकते आणि टर्बाइनचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारी यंत्रणा, जास्त वाफ आत सोडतो. भारतीय ग्रीडमध्ये ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवायची असते. हा तोल ढळला, किंवा एखाद्या वाहिनीवर पेलवेल त्याहून जास्त भार आला आणि ती सुटली, की एकामागून एक बाकीच्या वाहिन्याही सुटत जातात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्येतही, अंधार झाला तो असाच.

म्हणून ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्यात मागणी किती असेल याचा अंदाज आधी बांधायचा आणि ती कोणत्या केंद्रातून भागवायची ते ठरवायचं. यासाठी केंद्रांची एक यादी असते. ज्याचा प्रतियुनिट इंधनखर्च सगळ्यात कमी तो सगळ्यात वर. मागणी वाढेल तसं यादीत खाली उतरायचं, घटेल तसं खालून एकेकाला थोपवायचं.

आपल्या परळीची अडचण इथेच आहे. परळी वैजनाथच्या कोळशावरच्या वीज केंद्रात वीज बनवणारा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला, ३० मेगावॅटचा. पुढे २१० मेगावॅटचे संच आले, मग २५० चे. आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. पण कोळशाची खाण जवळ नाही. विदर्भातून किंवा तेलंगणातून रेल्वेने कोळसा आणायचा, त्यामुळे वाहतुकीचा भार इंधनखर्चावर चढतो आणि परळी त्या यादीत खाली जाते. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते तेव्हा परळीला भार उतरवायला सांगितलं जातं, मागणी फारच कमी असेल तर संच बंदही ठेवावा लागतो. बंद संचाचाही खर्च मात्र थांबत नाही. वीजनिर्मितीचे पैसे दोन भागांत मोजतात: इंधनाचे, आणि संच उभा करून तयार ठेवल्याचे. दुसरा भाग, ज्याला स्थिर आकार म्हणतात, तो संच चालला नाही तरी द्यावाच लागतो आणि शेवटी आपल्या बिलातूनच जातो. गरजेपेक्षा जास्त क्षमता करारबद्ध केली तर वीज महाग होते आणि कमी केली तर भारनियमन होतं. वितरण कंपनीने दहा वर्षं पुढची मागणी ओळखायची असते ती या दोन टोकांमध्ये.

परळीच्या हिशोबात कोळशापेक्षाही पाणी मोठं आहे. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालला तर ६० लाख युनिट वीज होते. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर चार हजार टनांच्या पुढे, म्हणजे रोज जवळपास एक पूर्ण मालगाडी. जुन्या केंद्रांना पर्यावरणाच्या नियमांनुसार युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरता येतं. ६० लाख युनिटांना गुणलं की २ कोटी १० लाख लिटर होतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती पन्नास टँकरची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणत होती. म्हणजे परळीचा एकच संच, नियमाच्या मर्यादेत राहूनही, दिवसाला अशा आठ गाड्यांचं पाणी पिऊ शकतो. यातलं बरंचसं पाणी शीतकरण मनोऱ्यांतून वाफ होऊन उडून जातं, परत मिळत नाही. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये परळी केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, यात नवल नाही. सरासरी पाऊस जेमतेम ६८० मिलिमीटर असलेल्या, तोही दरवर्षी न पडणाऱ्या मुलखात कोळशाची वीज धुरासोबत आणि राखेसोबत पाण्यानेही महाग आहे. ही किंमत युनिटच्या दरात कुठेच दिसत नाही, आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकते.

आता शेतीकडे येऊ. कारण मागणी सरकवायची झाली तर ती सरकवता येण्याजोगी सगळ्यात मोठी गोष्ट शेतीपंप हीच आहे. स्टीलच्या भट्टीला किंवा दवाखान्याला 'सहा तासांनी वीज देतो' म्हणता येत नाही. हरभऱ्याला पाणी सकाळी मिळालं काय, दुपारी मिळालं काय, पिकाला फार फरक पडत नाही. म्हणून वर्षानुवर्षं वितरण कंपन्या हा भार रात्रीकडे ढकलत आल्या. रात्री शहरं झोपलेली, यंत्रणेवर ताण कमी, कोळशाचे संच तर चालू ठेवावेच लागतात. कंपनीच्या गणितात ते बरोबर होतं. त्याची झळ दारं धरणाऱ्याला बसत होती, ती गणितात नव्हती.

या भाराचं एक रूप गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, बघायला मिळतं. थ्री फेज आली की ज्यांच्या मोटारींना ऑटोस्विच आहे त्या सगळ्या एकाच क्षणी सुरू होतात. इंडक्शन मोटार उभ्या अवस्थेतून वेग घेताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एकेक करून चालू झाल्या असत्या तर डीपीने तो सोसला असता. सगळ्या एकदम ओढायला लागल्या की व्होल्टेज कोसळतं, दाब कमी म्हणून मोटारींना वेग घ्यायला वेळ लागतो आणि तेवढा जास्त वेळ जादा करंट वाहत राहतो. फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळतो. मग वर्गणी, खेटे आणि वाळणारं पीक. ऑटोस्विच काढा, असं लाईनमन सांगतो त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट कपॅसिटरची. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभं करायला जो करंट लागतो तो काम काही करत नाही, नुसता तारेतून ये-जा करतो. ५ एचपीच्या पंपाला खरी वीज लागते पावणेपाच किलोवॅटच्या आसपास, पण पॉवर फॅक्टर, म्हणजे डीपीवरच्या एकूण भारातला खऱ्या कामाचा वाटा, ०.७५ असेल तर डीपीवर भार पडतो सव्वासहा केव्हीएचा (केव्हीए हे त्या एकूण भाराचं माप). मोटारीजवळ योग्य कपॅसिटर बसवून तो ०.९५ वर नेला की तोच भार पाचच्या आत येतो. १०० केव्हीएच्या डीपीवर सोळाच्या जागी वीस पंप चालतात. करंट कमी झाल्याने तारेत तापून वाया जाणारी वीज तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, एक तृतीयांशाहून जास्त. कपॅसिटर ही अगदी स्वस्त वस्तू आहे. तरी गावोगाव डीपीखाली ती बसवलेली मोटार शोधावी लागते. नवीन वीज केंद्र बांधण्याची चर्चा जेवढी होते, तिच्या दहाव्या हिश्शाने जरी ही चर्चा झाली तर बरं होईल.

सौरऊर्जेने 'कधी'चं उत्तरच उलटं केलं. सगळ्यात स्वस्त वीज आता दुपारी मिळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा विचार सरळ आहे. ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या जवळपास काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचे फिडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या वाहिन्या, दिवसा त्यावर चालवायचे. योजना २०१७ पासूनची, २०२३ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर नव्याने आखली गेली, आणि या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प मराठवाड्यातच सुरू झाला, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, ३ मेगावॅटचा. यातली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. शिवाय वीज जिथे लागते तिथेच होते, त्यामुळे शेकडो किलोमीटरच्या वाहिन्यांतली गळती वाचते. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. पाणी लागतं ते पॅनल धुण्यापुरतं. आणि दारं उजेडात धरता येतात. एकाच बदलात दर, पाणी आणि माणूस तिघांचंही भलं होतंय, अशी उदाहरणं वीज क्षेत्रात फार नाहीत.

परवडण्याचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. शेतीला वीज खर्चापेक्षा कमी दरात द्यायची आणि तूट उद्योग-व्यापाराच्या दरातून भरून काढायची, ही आपली जुनी रीत. त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल नाही, ते पैसे राज्य सरकार भरतं. पण क्रॉस सबसिडीचा भार ज्याच्यावर पडतो तो कारखानदारही हिशोब करतो. जालन्याच्या स्टील उद्योगात भंगार वितळवून सळई बनते आणि भट्टीच्या खर्चात वीज हा फार मोठा घटक. दर थोडा वाढला तरी तो स्वतःच्या सौर प्रकल्पाकडे किंवा खुल्या बाजारातल्या विजेकडे वळतो. तो गेला की तूट भरणारे हात कमी होतात आणि उरलेल्यांचा दर आणखी चढतो. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात नवे उद्योग येत आहेत ते म्हणूनच वितरण कंपनीला हवे असतात. मागणी वाढली तर स्थिर खर्च जास्त युनिटांवर वाटला जातो. फक्त ती मागणी संध्याकाळी वाढू नये.

त्यासाठी दराचाच वापर होतो. पूर्वी उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा सवलत असायची, त्यामुळे भट्ट्या रात्री पेटायच्या. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिशा बदलली. उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, आणि उद्योग-व्यापारासाठी गर्दीच्या वेळचा किमान २० टक्के जास्त. सवलत रात्रीकडून दुपारकडे सरकते आहे. कारखान्यांच्या पाळ्या आणि कामगारांची झोपही तिच्यामागून सरकेल.

खरी कसोटी सूर्य मावळताना आहे. सहा-साडेसहाला सौर वीज शून्यावर येते आणि त्याच तासात घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. ही फट भरायला कोळशाचा संच एकदम थंडातून उठत नाही, त्याला तास लागतात. म्हणून तो दुपारीही मंद ठेवावा लागतो, आणि साधारण ५५ टक्क्यांच्या खाली आणला तर ज्वाला स्थिर राहत नाही. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायचं काम देशभर सुरू आहे. बीड-धाराशिवच्या माळांवरच्या पवनचक्क्या संध्याकाळी मदत करतात, पण त्यांचा जोर पावसाळ्यात असतो, मार्चमध्ये नाही.

उरते साठवण. दुपारच्या स्वस्त विजेने खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडून टर्बाइन फिरवायचं. चार युनिट घातली तर तीन परत मिळतात. घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. आपल्या पैठणलाही जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं जनित्र आहे ते उलटं फिरून पाणी वर चढवू शकेल अशाच रचनेचं आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आता बॅटऱ्यांचे भाव उतरत आहेत, आणि उपकेंद्राच्या आवारात बॅटरी बसवणं हा मराठवाड्यासाठी मला जास्त जवळचा मार्ग वाटतो, कारण तिला धरण लागत नाही.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, थोडंच. आजवर बोअरवर एक आपोआप बसलेला लगाम होता, थ्री फेजच्या तुटपुंज्या तासांचा आणि रात्रीच्या कंटाळ्याचा. दिवसा, भरवशाची आणि बिल नसलेली वीज आली की तो लगाम सुटतो. स्वतंत्र सौरपंपाला तर फिडरचं वेळापत्रकही नाही. फेब्रुवारीतच विहिरी तळाला गेल्या तर उन्हाळ्यात लख्ख ऊन असूनही पंप कोरडा फिरेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यातली ऑक्टोबरची नोंद रब्बीच्या तोंडावरच हाती येते. वीज वितरण कंपनीकडे प्रत्येक फिडरवर किती युनिट गेली याची नोंद असते. या दोन्ही नोंदी आज वेगवेगळ्या कार्यालयांत पडून राहतात. फिडर ज्या गावांतून जातो त्या गावांच्या पाणीपातळीशी त्या फिडरचे तास जोडले, पातळी खाली असेल त्या वर्षी ठिबकवाल्यांना आधी वीज आणि पाणी मोकळं सोडणाऱ्यांना कमी, असं ग्रामसभेत उघड ठरवलं, तर त्यासाठी नवं यंत्र एकही लागणार नाही. सौर फिडर आत्ता उभे राहत आहेत आणि त्यांची वेळापत्रकं अजून बसायची आहेत, तेवढ्यातच हे करून घेणं सोपं आहे.