कड्यावरचं अंडं कोणाचं?

गिलेमॉट हा उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांवरचा काळा-पांढरा समुद्रपक्षी. वजन किलोभर, उभा राहिला की पेंग्विनची आठवण येते, पण हा उडतो. घरटं बांधायच्या भानगडीत तो पडत नाही. उंच कड्याच्या अरुंद कपारीवर मादी एकच अंडं घालते, तेही थेट दगडावर. शेजारीण इतकी जवळ की अंगाला अंग लागतं. एका चौरस मीटरमध्ये वीस-वीस पक्षी दाटीवाटीनं बसलेले असतात. आणि या गर्दीतलं एक अंडं दुसऱ्यासारखं दिसेल तर शपथ. एखादं पांढरं, एखादं आकाशी, एखादं गर्द हिरवट निळं. त्यावर कुठे तपकिरी डाग, कुठे शाई सांडल्यासारखे ओघळ, कुठे लहान मुलानं गिरगटावं तशा काळ्या रेघोट्या, आणि मध्येच एखादं अगदी कोरं.

या रंगांचं कारण शोधता शोधता शंभराहून जास्त वर्षं गेली. निम्मं उत्तर मात्र आधीपासून दोरावर लटकणाऱ्या माणसांना ठाऊक होतं.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर बेम्प्टनचे खडूचे कडे आहेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थानिक माणसं कंबरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायची आणि गिलेमॉटची अंडी गोळा करायची. त्यांना ‘क्लिमर’ म्हणत. कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीचं, साधारण 110 ग्रॅमचं हे अंडं खायला चालायचं, चामड्याच्या कारखान्यांतही खपायचं. पुढे संग्राहकांची झुंबड उडाली आणि देखण्या अंड्यांना वेगळा भाव आला. अंडं उचललं की साधारण दोन आठवड्यांत मादी दुसरं घालते, हे क्लिमर जाणून होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते दुसरं अंडंही पहिल्याच रंगाचं आणि नक्षीचं असतं, आणि पुढच्या वर्षी त्याच कपारीत, त्याच जागी पुन्हा तसंच अंडं मिळतं, हेही त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. म्हणजे जातीत हजार तऱ्हा, पण एका मादीची तऱ्हा जन्मभर एकच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्ज लप्टन या संग्राहकानं बेम्प्टनची हजारावर अंडी जमवली. त्यांत एकाच मादीकडून वर्षानुवर्षं हिरावलेल्या अंड्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. ट्रिंगच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये त्या आजही आहेत. पुरावा म्हणून त्या अनमोल, पण त्या मादीची त्या काळातली वीण जवळजवळ वायाच गेली असणार, हे विसरून त्यांच्याकडे बघता येत नाही. 1954 च्या पक्षीसंरक्षण कायद्यानं हा उद्योग बंद पडला.

विद्वानांची गाडी मात्र वेगळ्याच रुळावर होती. आल्फ्रेड रसेल वॉलेस म्हणजे डार्विनच्या बरोबरीनं नैसर्गिक निवड मांडणारा माणूस. 1889 साली त्यानं गिलेमॉटच्या अंड्यांचं जे स्पष्टीकरण दिलं ते वरकरणी बिनतोड होतं. कडा दुर्गम, शत्रू पोचत नाही, मग अंडं लपायची गरज नाही. रंगांना आवर घालणारं कोणी नसल्यामुळे ते मनमुराद बहकले. थोडक्यात, या वैविध्याला उपयोग काही नाही, आडकाठी नव्हती एवढंच. मला हे स्पष्टीकरण चुकीचं असूनही आवडतं, कारण त्यात एक प्रामाणिक हिशेब आहे: अंड्याचा रंग म्हणजे लपण्याचं साधन, लपायचं नसेल तर रंगाला कामच उरत नाही. हा हिशेब इतर पुष्कळ पक्ष्यांना लागूही पडतो.

त्याआधी, 1875 मध्ये हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यानं वर्णपटदर्शक वापरून टरफलांतली रंगद्रव्यं वेगळी ओळखायचा प्रयत्न केला होता. त्यानं बरीच नावं दिली, पुढे यादी आटत गेली. 1976 मध्ये केनेडी आणि व्हेव्हर्स यांनी 106 जातींची टरफलं तपासली, आणि मुख्य रंगद्रव्यं दोनच असल्याचं चित्र पक्कं झालं: निळ्या-हिरव्यासाठी बिलिव्हर्डिन, तांबूस-तपकिरीसाठी प्रोटोपॉर्फिरिन. दोघांचंही नातं रक्ताला लाली देणाऱ्या हीम या द्रव्याशी. मार लागून काळानिळा पडलेला भाग पुढे हिरवट होतो, त्या हिरवटपणामागेही हेच बिलिव्हर्डिन. गिलेमॉटच्या अंड्यात निळसर छटा टरफलाच्या जाडीतच मुरलेली असते, तर डाग आणि रेघोट्या मुख्यतः शेवटी, वरच्या थरावर चढतात. त्या वेळी अंडं स्थिर असेल तर ठिपका उमटतो, फिरत असेल तर रेघ ओढली जाते. 2018 मध्ये हीच दोन द्रव्यं काही डायनासोरांच्या अंड्यांच्या जीवाश्मांतही सापडली. रंगीत अंडी ही पक्ष्यांची मिरासदारी नव्हे, पूर्वजांकडून आलेली चीज आहे.

लपण्याचा हिशेब जमिनीवर पडताळून पाहिला तो प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक निको टिंबर्गन आणि सहकाऱ्यांनी. इंग्लंडमध्येच रेव्हनग्लासच्या वाळूच्या टेकड्यांवर काळ्या डोक्याच्या कुरवांची (गल पक्ष्यांची) वसाहत होती. त्यांची अंडी मातकट, ठिपकेदार. टिंबर्गननं काही अंडी पांढरी रंगवून मोकळ्यावर ठेवली, आणि कावळ्यांनी व मोठ्या कुरवांनी तीच जास्त उचलली. पिल्लू बाहेर आल्यावर कुरव रिकामं टरफल उचलून लांब टाकतो, त्याचा अर्थही 1962 च्या त्यांच्या लेखात उलगडला: टरफलाची आतली पांढरी बाजू चमकते आणि घरट्याचा पत्ता सांगते. तरीही पक्षी ते लगेच उचलत नाही. पिल्लू ओलं असताना आईबाप क्षणभर हलले, तर शेजारचाच कुरव ते गिळतो. सुकून फुललेलं पिल्लू गिळणं अवघड, म्हणून तोवर थांबायचं. वसाहतीत शत्रू आकाशातून येतो तसा शेजारच्या घरट्यातूनही येतो.

किटीवेक हा कुरवांचाच भाऊबंद, पण कड्यावर घरटं करणारा. इंग्लंडच्या फार्न बेटांवर एस्थर कलननं त्याचा अभ्यास केला आणि 1957 मध्ये मांडला. किटीवेक टरफलं हलवत नाही, घरट्याभोवती विष्ठेचे पांढरे ओघळ खुशाल दिसू देतो. लपण्याचा सगळा खटाटोपच त्यानं सोडला आहे. वॉलेसचा तर्क शोभतो तो इथे. बिळात अंडं घालणाऱ्या पफिनचं अंडं पांढुरकं, पेट्रेल या समुद्रपक्ष्यांचंही पांढरं. गॅनेट आणि पाणकावळ्यांच्या अंड्यांवर खडूसारखा थर असतो.

मग गिलेमॉटच का बहकला? उत्तर नॉर्वेतून आलं. बेआट चान्त्स या स्विस संशोधकानं लोफोटेनच्या बेटांवर अंड्यांची अदलाबदल करून पाहिली आणि 1959 मध्ये निष्कर्ष छापले. स्वतःचं अंडं थोडं सरकलं तरी गिलेमॉट ते ओळखतो आणि चोचीनं ओढून जागेवर आणतो. वेगळ्या रंगाचं किंवा नक्षीचं अंडं ठेवलं तर नाकारतो. रंग-नक्षी मिळतीजुळती असली तर मात्र फसतो. म्हणजे ती नक्षी शत्रूपासून लपण्यासाठी नव्हेच, आपल्याच आईबापाला सापडण्यासाठी आहे. घाबरून अख्खी रांग उडाली, अंडी इकडेतिकडे घरंगळली, की परतल्यावर आपलं कोणतं हे कळायला हवं. घरटंच नाही, तर जागेवरून ओळख पटणार कशी?

याची उलटी बाजूही त्याच कड्यांवर आहे. रेझरबिल हा गिलेमॉटचा जवळचा नातेवाईक, पण तो फटीत, सुटासुटा बसतो. त्याची अंडी एकमेकांपासून फारशी वेगळी नाहीत आणि त्याला स्वतःचं अंडं ओळखताही येत नाही. गरजच पडत नाही. उलट रॉयल सुरय (टर्न) हा समुद्रपक्षी उघड्या वाळूवर खेटून अंडी घालतो; त्याची अंडी नाना तऱ्हांची असतात, आणि तो आपलं अंडं ओळखतो हे 1972 मध्ये दाखवलं गेलं. गिलेमॉटशी नातं दूरचं, पण गर्दी तशीच, घरट्याचा अभावही तसाच.

चान्त्सच्या प्रयोगांतला एक भाग मला सगळ्यांत जास्त पटतो. कपारीवर विष्ठेचा नुसता राडा असतो, आणि उबवण्याच्या महिनाभरात अंडं रोज थोडं थोडं माखत जातं. चान्त्सनं मुद्दाम विष्ठा फासून अंड्याचं रूप टप्प्याटप्प्यानं बदलत नेलं. पक्षी प्रत्येक बदलाची नोंद घेत गेला आणि शेवटी ते माखलेलं अंडंही त्यानं आपलंच मानलं.