मत चुकलं की वाळीत: गावकीच्या बहिष्कारामागचा इतिहास

ग्रामपंचायतीचा प्रभाग काही शे मतांचा असतो आणि मोजणीही प्रभागवार होते. कोणत्या वाडीनं कुणाला साथ दिली, हे निकालाच्या दुपारीच पारावर कळलेलं असतं. कोकणातल्या बऱ्याच गावांत त्यानंतर गावकीची, म्हणजे गावकऱ्यांच्या पारंपरिक पंचांची, बैठक बसते. तिनं ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध उभं राहिलेल्या किंवा उघड प्रचार केलेल्या घराशी बोलणं बंद होतं. दुकानदार माल देत नाही, पालखी दारावरून पुढे जाते, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. जो बोलेल त्याला दंड. 2013-14च्या सुमारास रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारींची रीघ लागली, तेव्हा प्रेमविवाह आणि जमिनीच्या वादांबरोबर निवडणूक हेही कारण वारंवार पुढे आलं.

हे हत्यार जुनं आहे. मुंबई सरकारनं 1928 साली अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली, डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की सवर्ण शेतकरी त्यांचं काम बंद करतात, वाटा अडवतात, वाण्याला माल देऊ देत नाहीत, हे समितीनं 1930च्या अहवालात नोंदवलं. हे सारं मारहाण न करता होतं, म्हणून पोलिसांच्या हाती काहीच लागत नाही. गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या मागण्यांत आंबेडकरांनी बहिष्काराला फौजदारी गुन्हा ठरवणारी कलमं घातली, तीही ब्रह्मदेशाच्या 1922च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून थोडा फेरफार करून उचललेली. म्हणजे महाराष्ट्राला ज्या कायद्यासाठी 2016 उजाडावं लागलं, त्याचा मसुदा तेव्हाच तयार होता!

रायगडात (तेव्हाचा कुलाबा जिल्हा) आणखी एक धागा आहे. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 खोतांविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, संप केला, आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि स्वातंत्र्यानंतर खोती गेली. गावकी मात्र राहिली. देवस्थान, पालखी, स्मशान, सामायिक पैसा तिच्या हातात. मुंबईच्या चाकरमान्यांचं मंडळ तिच्या पाठीशी. पुढे पंचायत राज आलं, 73व्या घटनादुरुस्तीनं ग्रामपंचायतीला अधिकार आणि निधी मिळाला, तसं सरपंच कोण हे आधी देवळात ठरवणं अधिकच फायद्याचं झालं. ‘गाव बिनविरोध’ म्हणून हारतुरे होतात, त्यातलं प्रत्येक गाव धाकानं गप्प बसलेलं नसतं, हे मान्य. पण जानेवारी 2021 मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथं पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली, हेही विसरून चालत नाही.

कायद्याची वाट वाकडीच होती. मुंबई राज्यानं 1949 मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा 1962 मध्ये रद्द केला. खटला धार्मिक पंथाचा, पण कायदा गेला तो सगळ्यांचाच. अनुसूचित जाती-जमातींसाठी नंतर वेगळं संरक्षण आलं. आगरी, कुणबी, कोळी घरांना मात्र वाली नव्हता. 2013 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं नाशिकमधून जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, उच्च न्यायालयानंही सरकारला धारेवर धरलं. 13 एप्रिल 2016 रोजी विधिमंडळानं सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

राजकीय कल पाहून भेदभाव करणं हाही त्यात गुन्हा आहे. अडचण व्याख्येत आहे: कायद्यातला ‘समाज’ धर्म-जातीनं बांधलेला आहे, आणि गावकीत तर अनेक जाती एकत्र बसतात. शिवाय गुन्हा जामीनपात्र, आणि न्यायालयाच्या परवानगीनं तडजोडही चालते. तक्रारदाराला संध्याकाळी त्याच वाडीत परतायचं असतं.