नवरात्रातला नवरंग आणि डोळ्यातलं होकायंत्र

गेल्या नवरात्रातली गोष्ट. सकाळी साडेसहाला शेजारच्या काकूंची हाक, "अरे लवकर ये, गॅलरीत पोपटाचं पिल्लू पडलंय." गेलो तर तुळशीच्या कुंडीमागं अंग फुगवून बसलेला नवरंग! हिरवी पाठ, बदामी पोट, शेपटीखाली कुंकवासारखा लाल डाग, डोळ्यावरून काळी पट्टी आणि शेपूट जवळजवळ नाहीच. काचेवर बारीकसं पीस चिकटलेलं, म्हणजे रात्री आपटला असणार. काकू म्हणाल्या, "नवरात्रात नवरंग, लक्ष्मीच आली की!" आणि हळदकुंकू आणायला आत पळाल्या, तोवर मी बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्याला आत ठेवून दिला. (अशा पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. अंधार आणि शांतता पुरे.) संध्याकाळी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतल्या झाडीत सोडला, पाचोळ्यात दोन उड्या मारून गायब.

लक्ष्मी वगैरे काही नाही, हा त्यांचा प्रवासाचा मोसम. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंत पावसाळ्यात घरटी करायची आणि ऑक्टोबरच्या सुमारास दक्षिण भारत, श्रीलंकेकडं निघायचं, तेही रात्री. आमचं बेळगाव वाटेवर पडतं. याच दिवसांत जांबोटीच्या ओढ्यांवर शेपूट हलवणारे करडे धोबी दिसू लागतात (पोट पिवळं असतं म्हणून बरेच जण त्याला पिवळा धोबी म्हणतात), खानापूरच्या रानात माशीमार आणि निळ्या टोपीचे कस्तुर येतात, आणि चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर गेलात तर कुरव आणि वाळूत तुरुतुरु पळणारे चिखल्या. थंडी वाजली म्हणून येतात असं आपण म्हणतो, पण थंडी पडायच्या आधीच निघालेले असतात, दिवस किती लहान झाला हे बघून शरीर तयारीला लागतं.

पण अंधारात दिशा कळते कशी? सूर्य, तारे यांचा उपयोग होतोच, मात्र माझा आवडता भाग वेगळा आहे.

विल्ट्श्को या जर्मन जोडप्यानं १९७२ साली दाखवलं की युरोपातला रॉबिन पक्षी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओळखतो, पण आपल्या होकायंत्रासारखं उत्तर-दक्षिण नाही, तर क्षेत्ररेषा जमिनीशी किती कोन करतात ते. ध्रुवाकडं त्या जमिनीत घुसतात, आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळ जवळजवळ आडव्या होतात. केरळातल्या थुंब्याला १९६३ मध्ये रॉकेट तळ सुरू झाला तो याच चुंबकीय विषुववृत्तामुळं.

आता कोन मोजणार कोण? संशय आहे डोळ्याच्या पडद्यातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर. निळा प्रकाश पडला की त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीतला एक उड्या मारत शेजारी जातो, आणि दोघं वेगळे पडतात. दोघांना स्पिन असतो, म्हणजे समजा छोटी चुंबकंच. ती कधी एकमेकांच्या उलट तर कधी एकाच दिशेला, अशी या दोन अवस्थांमध्ये हेलकावतात. कोणत्या अवस्थेत असताना इलेक्ट्रॉन परत फिरतो त्यावर पुढं कोणतं रसायन किती बनणार हे ठरतं, आणि पृथ्वीचं क्षेत्र त्या हेलकाव्यांचा ताल बदलतं. प्रथिनं पडद्यावर वेगवेगळ्या कोनात बसलेली, त्यामुळं पक्ष्यानं मान वळवली की हा परिणाम पडद्यावर जागोजागी बदलतो, कदाचित त्याला दिशा फिकट-गडद छटेसारखी दिसतही असेल.

इथं भौतिकशास्त्रवाले हसायचे, कारण रेणूंच्या उष्णतेच्या धडपडीपुढं या क्षेत्राची ऊर्जा दशलक्षांशसुद्धा नाही. पण कणकुंबीच्या माथ्यावर पडणारा पावसाचा थेंब आठवा. वाऱ्याची जराशी झुळूक, आणि तो मलप्रभेतून बंगालच्या उपसागराला जाणार की म्हादईतून अरबी समुद्राला, हे ठरतं. झुळुकीत तो थेंब उचलून नेण्याची ताकद नाही, पण माथ्यावर असताना तिचं चालतं. इलेक्ट्रॉनची जोडी त्या माथ्यावर असते, तीही काही मायक्रोसेकंदच.

२०१४ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या विद्यापीठात दिसलं की कॅम्पसमधल्या लाकडी खोपट्यातले रॉबिन भरकटतात, आणि भिंतींना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून अर्थिंग केलं की दिशा परत सापडते. गडबड करत होता विजेच्या उपकरणांमधून निघणारा, एएम रेडिओच्या पट्ट्यातला गोंगाट. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली, त्याची आठवण झाली. यावरून लगेच 'फाइव्ह-जीनं पक्षी मरतात'चं व्हॉट्सॲप पुढं ढकलू नका, मोबाईलच्या लहरी त्या पट्ट्याच्या कितीतरी वर असतात. माझ्या नवरंगाला काचेनं पाडलं, टॉवरनं नाही.

२०२१ मध्ये रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ (त्याच प्रथिनाचा एक प्रकार) प्रयोगशाळेत चुंबकाला दाद देतं हे सिद्ध झालं, अर्थात परीक्षानळीत, जिवंत डोळ्यात नाही. आणि मग २०२४ मध्ये ३६३ पक्ष्यांचे जीनोम तपासले तर हे प्रथिन काही गटांतून चक्क नाहीसं झालेलं: हमिंगबर्ड, पोपट आणि टायरॅनी. नवरंग या टायरॅनीतलाच! म्हणजे मी खोक्यात ठेवलेल्या पाहुण्याला लागू पडत नाही तेच यंत्र मी इतका वेळ समजावत बसलोय. तरी तो रात्री उडतो, श्रीलंकेला पोचतो. ताऱ्यांवरून असेल, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या चुंबकीय युक्तीनं.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी यंदा घटस्थापनेच्या आधीच गॅलरीच्या काचेवर बाहेरून साडी बांधलीय. रंग कोणता विचारलं तर म्हणाल्या, रोज बदलणार, पेपरात जो येईल तो.