सोलापूरचा कोट आणि त्याला राखणारं पाणी

किल्ला म्हटलं की सह्याद्रीचा कडा डोळ्यांपुढे येतो, नाहीतर सिंधुदुर्गासारखं समुद्रातलं बेट. सोलापूरला दोन्ही नाही. सगळी सपाट काळी रानं. शत्रू लांबून दिसेल, पण त्याला अडवायला ना डोंगर ना दरी. त्यामुळे इथे कोट बांधणाऱ्यांनी पाण्याचा आधार घेतला, आणि त्यातलं मोठं पाणी गावात आधीपासूनच होतं.

बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, शिवयोगी संत सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदवलं असं परंपरा सांगते. संक्रांतीला इथे भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ज्या अडुसष्ट लिंगांना जातात, तीही त्यांनीच स्थापलेली. तळं खोदलं ते माणसांची-गुरांची तहान भागावी म्हणून. चौदाव्या शतकात बहमनी अमलात भुईकोट उभा राहिला, तो याच तळ्याच्या काठाला. पूर्वेला तळं, बाकी तिन्ही बाजूंना खंदक आणि आत दुहेरी तट.

तटाचे दगड जवळून बघावेत. साध्या चिऱ्यांत मध्येच एखादा कोरीव दगड दिसतो. तो कुठल्यातरी देवळाचा आहे. किल्ल्याच्या आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या देवळाचे अवशेष आजही आहेत. गावाने श्रद्धेने घडवलेला दगड असा लष्कराच्या कामी लागला, आणि तळंही.

विजापूर आणि अहमदनगर यांच्या सीमेवर असल्याने या किल्ल्यासाठी रक्त सांडलं, सोयरिकीही झाल्या. १५२४ मध्ये आदिलशाहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशाहाला दिली, तेव्हा सोलापूर हुंड्यात द्यायचं ठरलं. ते दिलं नाही आणि पुढच्याच वर्षी लढाई जुंपली. चाळीसेक वर्षांनी चांदबीबी विजापूरला सून म्हणून गेली, तेव्हा तोवर नगरकरांकडे आलेला हाच किल्ला त्यांनी हुंड्यात दिला. त्या सोयरिकीमुळे दोन्ही शाह्या एकत्र आल्या आणि १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध शेजारी उभ्या राहिल्या. दख्खनच्या राजकारणात सोलापूरचं वजन किती होतं, हे यावरून कळावं. १६६८ च्या विजापूर-मोगल तहात किल्ला मोगलांकडे गेला.

शेवटची मोठी लढाई मे १८१८ मधली. दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि अरब शिपाई इथे होते. इंग्रज सेनानी मन्रोने आधी तटबंदीची पेठ शिड्या लावून घेतली, मग किल्ल्यावर तोफा डागल्या. काही दिवसांतच किल्ला पडला. लांब पल्ल्याच्या तोफेपुढे तळं आणि खंदक काय करणार?

पेठेची तटबंदी पुढे शहर वाढू लागल्यावर बरीचशी पाडली गेली. कोट मात्र आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तळ्याची काळजी वेगळ्या यंत्रणेकडे. किल्ला दाखवणाऱ्याने पाहुण्यांना आधी तळ्याच्या काठावर न्यावं, असं मला फार वाटतं. पूर्वेची बाजू तिथूनच समजते.