बर्फावर बुटाची नक्षी कामाची नाही

साताऱ्यातून हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराला निघणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं : सह्याद्रीत न घसरणारे बूट बर्फावरही चालतात. साफ चूक. तळाच्या रबरी खाचा भुसभुशीत बर्फात रुततात. पहाटेच्या टणक, गुळगुळीत बर्फात रुतणार कुठे? तिथे पोलादी दातच हवेत. बुटावर ताणून चढवायचे मायक्रोस्पाइक्स (रबरी पट्ट्याला साखळीने जोडलेले दात) घ्या, साधारण १ सेंटिमीटर दातांचे. खरेदीला तेच बूट घालून जा. चढवून पाय झटका. साखळी बाजूला सरकली, तर माप मोठं आहे. (हौसेने पावसाळ्यात अजिंक्यताऱ्याच्या ओल्या कातळावर मात्र घालू नका, पोलाद तिथे उलट घसरतं.) तीव्र उताराला हे पुरत नाहीत, तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायची लांब दातांची चौकट), बर्फात रोवायची आइस अ‍ॅक्स आणि शिकवणारा माणूस लागतो. दातांखाली ओल्या बर्फाचा गोळा साचला, की काठीने ठोकून पाडा.